बळी तो कान पिळी, असं डार्विननं सांगितलंच नव्हतं. त्यानं निसर्गातली भाऊबंदकी मोजून दाखवली

इंस्टाग्रामवर जंगलातला एखादा व्हिडिओ उघडून बघा. सिंहानं रेड्याची मान धरलेली असते, मगर झेब्र्याचा पाय ओढत असते आणि खाली कमेंटमध्ये कुणीतरी डार्विनचं नाव घेऊन ठोकून दिलेलं असतं, की ताकदवान तोच टिकणार, बळी तो कान पिळी हाच निसर्गाचा कायदा.

आता गंमत बघा. हे ज्याच्या नावावर खपवलं जातं, त्या चार्ल्स डार्विननं आयुष्याची शेवटची चाळीस वर्षं इंग्लंडमधल्या एका खेड्यात काढली. तिथं ना सिंह होता ना मगर. होतं ते परसातलं तण, गोगलगायी, मधमाश्या आणि कबुतरं. निसर्गातली स्पर्धा डार्विननं शिकारीच्या थरारात शोधली नाही. त्यानं ती जमिनीवर वाकून, एकेक रोपटं मोजून शोधली.

आणि हिशेब मांडल्यावर त्याच्या लक्षात आलं, की सगळ्यात चिवट भांडण वाघ आणि हरणाचं नसतं. ते असतं सख्ख्या-चुलत्यांचं. एकच जमीन, एकच पाणी, एकच खाणं आणि मागणारे सगळे एका घरातले. मराठीत याला एक चपखल शब्द आहे, भाऊबंदकी.

घरच्यांच्या लेखी वाया गेलेला मुलगा

चार्ल्सचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९ चा. गाव श्रूजबरी. वडील रॉबर्ट डार्विन नावाजलेले डॉक्टर, तर आईचे वडील जोसाया वेजवुड हे चिनी मातीच्या भांड्यांचे मोठे कारखानदार. घरात पैशाला तोटा नव्हता. चार्ल्स आठ वर्षांचा असताना आई गेली.

वडिलांनी त्याला १८२५ साली डॉक्टरकी शिकायला एडिंबराला पाठवलं. तेव्हा शस्त्रक्रियेसाठी भूल देण्याची सोय नव्हती. एका लहान मुलाचं ऑपरेशन चालू असताना चार्ल्स अर्ध्यातून पळाला आणि पुन्हा त्या खोलीत फिरकला नाही. मग पाद्री होण्यासाठी त्याची रवानगी केंब्रिजला झाली. तिथं अभ्यास कमी आणि भुंगेरे गोळा करणं जास्त. एकदा दोन्ही हातांत एकेक दुर्मीळ भुंगेरा असताना तिसरा दिसला, तर पठ्ठ्यानं हातातला एक सरळ तोंडात टाकला. भुंगेऱ्यानं जिभेवर जहाल रस सोडला आणि तोंडातला किडा थुंकावा लागला. तिसराही हातचा गेला.

१८३१ साली केंब्रिजचे वनस्पतीशास्त्राचे प्राध्यापक हेन्स्लो यांच्यामुळे त्याला बीगल या जहाजावरून जगाच्या सफरीवर जाण्याची संधी आली. वडिलांनी साफ नकार दिला. तेव्हा मामा मदतीला धावून आला. भाच्याच्या बाजूनं त्यानं वडिलांच्या एकेका आक्षेपाला उत्तर दिलं आणि परवानगी मिळवून दिली. पुढे याच मामाची मुलगी एमा हिच्याशी चार्ल्सचं लग्न झालं.

खाऊन संपता संपता वाचलेला पक्षी

२७ डिसेंबर १८३१ ला बीगल निघालं ते २ ऑक्टोबर १८३६ ला परतलं. जवळपास पाच वर्षं. डार्विनला जहाज लागायचं, त्यामुळे मिळेल तेव्हा तो जमिनीवर उतरून भटकायचा.

दक्षिण अमेरिकेच्या गवताळ मैदानात त्याला रिया नावाचा पक्षी भेटला. शहामृगासारखा, उडता न येणारा. तिथले गुराखी सांगायचे, की दक्षिणेला याचाच एक छोटा भाऊ आहे. डार्विन त्याच्या मागावर होता, पण तो काही मिळेना.

एक दिवस जहाजावरच्या चित्रकारानं एक पक्षी मारून आणला. मोठ्या रियाचं पिल्लू असावं असं समजून सगळ्यांनी तो शिजवून खाल्ला. जेवण उरकल्यावर डार्विनच्या डोक्यात प्रकाश पडला, की हाच तर तो छोटा रिया. मग डोकं, मान, पाय, पंख आणि कातड्याचा बराचसा भाग गोळा करून त्यानं तो कसाबसा इंग्लंडला नेला. तिथं पक्षीतज्ज्ञ जॉन गोल्ड यांनी ती वेगळी जात असल्याचं सांगितलं आणि तिला डार्विनचंच नाव दिलं.

मुद्दा असा होता, की दोन अगदी जवळचे नातेवाईक पक्षी एकाच मैदानात भरपूर संख्येनं एकत्र का दिसत नाहीत? उत्तरेला मोठा आणि दक्षिणेला छोटा, अशी हद्द कुणी आखली? या प्रश्नाचं उत्तर तेव्हा त्याच्याकडे नव्हतं.

गॅलापागोस बेटांवरूनही त्यानं छोटे पक्षी आणले होते. चोचींचे आकार इतके वेगवेगळे, की त्याला ते वेगवेगळ्या कुळांतले वाटले. १८३७ च्या सुरुवातीला गोल्ड यांनी सांगितलं, की हे सगळे फिंच आहेत, एकाच गोतावळ्यातले.

एका पुस्तकानं दिलेला हिशेब

१८३८ च्या शरद ऋतूत डार्विननं थॉमस माल्थस यांचं लोकसंख्येवरचं पुस्तक हातात घेतलं. हे माल्थस हेलीबरीच्या कॉलेजात ईस्ट इंडिया कंपनीच्या भावी अधिकाऱ्यांना अर्थशास्त्र शिकवायचे. भारतात राज्य करायला येणारे कित्येक साहेब त्यांच्या हाताखालून गेले होते.

माल्थस यांचा मुद्दा सोपा होता. माणसं दुपटीनं वाढतात, अन्न त्या वेगानं वाढत नाही. डार्विननं हा हिशेब माणसांवरून उचलून सगळ्या जीवसृष्टीला लावला.

हत्तीचं उदाहरण घ्या. हत्तीइतक्या सावकाश पिलं देणारा प्राणी क्वचितच. डार्विननं गणित मांडलं, की हत्तीण तिसाव्या वर्षापासून नव्वदाव्या वर्षापर्यंत एकूण सहाच पिलं देते आणि हत्ती शंभर वर्षं जगतो असं धरलं, तरी एका जोडीपासून साधारण ७५० वर्षांत १ कोटी ९० लाख हत्ती व्हायला हवेत. मग उंदीर, मासे आणि गाजर गवताचं काय होईल, याचा तुम्हीच विचार करा.

पण पृथ्वी हत्तींनी भरलेली नाही. म्हणजे जन्माला येणाऱ्यांपैकी बहुतेक जण पुढची पिढी जन्माला घालण्याआधीच गळतात. जागा, ऊन, पाणी, खाणं मर्यादित आणि मागणारे अमर्याद. अशा गर्दीत ज्याच्या अंगी थोडासा उपयोगी फरक आहे, तो टिकण्याची शक्यता थोडी जास्त, आणि तोच फरक पुढच्या पिढीत उतरतो. डार्विनला आपल्या सिद्धांताचं इंजिन सापडलं होतं.

त्यानं ते जगाला सांगितलं मात्र नाही. १८४४ साली त्यानं सुमारे २३० पानांचा मसुदा लिहिला आणि एमासाठी एक पत्र ठेवलं, की आपलं काही बरंवाईट झालं तर ४०० पौंड खर्चून हे छापून घ्यावं. मग कागद ठेवून दिले आणि आठ वर्षं समुद्रातल्या खडकांना चिकटून राहणाऱ्या बार्नॅकल नावाच्या जिवांचा अभ्यास करत बसला.

तण खाई धन

१८४२ मध्ये हे कुटुंब लंडनपासून सुमारे २५ किलोमीटरवर असलेल्या डाऊन या खेड्यात राहायला आलं होतं. डार्विनची तब्येत सतत बिघडायची. उलट्या, डोकेदुखी, थकवा. त्यामुळे त्याची प्रयोगशाळा म्हणजे घर, बाग आणि आजूबाजूची शेतं.

१८५७ साली, इकडे भारतात उठाव पेटला त्याच वर्षी, तिकडे डार्विननं परसातला ३ फूट लांब आणि २ फूट रुंद असा जमिनीचा तुकडा खणून साफ केला. बी पेरलं नाही. तण उगवण्याची वाट पाहिली. जे रोपटं उगवेल त्याला खूण करायची आणि मेलं की नोंद करायची, एवढंच काम. एकूण ३५७ रोपं उगवली. त्यातली २९५ मेली. बहुतेकांना बिनशंखाच्या गोगलगायींनी आणि किड्यांनी खाल्लं. उरली फक्त ६२. तीही अशा जागी, जिथं आधीपासून वाढलेल्या झाडांची दाटी नव्हती.

दुसरा प्रयोग हिरवळीवरचा. नेहमी कापल्या जाणाऱ्या हिरवळीचा ३ बाय ४ फुटांचा तुकडा त्यानं कापणं थांबवून तसाच वाढू दिला. तिथं २० जातींच्या वनस्पती होत्या. कापणी थांबल्यावर जोमानं वाढणाऱ्यांनी बाकीच्यांचं ऊन आणि जागा खाल्ली आणि ९ जाती नाहीशा झाल्या. कुणी कुणावर झडप घातली नाही. नुसतं उंच वाढणं पुरेसं होतं.

आपल्याकडचा शेतकरी हे पिढ्यान् पिढ्या जाणतो. खुरपणी चुकली की तण खाई धन. पिकाला तण चावत नाही, ते फक्त पिकाच्या वाटणीचं खत-पाणी पिऊन टाकतं.

सर्रे परगण्यातल्या फार्नहॅम गावाजवळच्या माळावर तर त्याला याहून बोलका पुरावा मिळाला. माळ हीदर नावाच्या खुरट्या झुडपांनी भरलेला. कुंपण घातलेल्या भागात पाइनची दाट झाडं वाढलेली आणि कुंपणाबाहेर एकही नाही. डार्विन वाकून झुडपांच्या आत बघायला लागला, तर तिथं पाइनची असंख्य रोपं होती. गुरं ती सारखी खुडून खात होती. एका चौरस यार्डात त्यानं ३२ छोटी झाडं मोजली. त्यातल्या एकाच्या खोडात २६ वर्षांची वलयं होती. सव्वीस वर्षं ते झाड झुडपांच्या वर डोकं काढायची धडपड करत होतं आणि दर वेळी कुठली तरी गाय येऊन शेंडा खाऊन जात होती.

बांडगूळ, मधमाशी आणि मांजर

इथं डार्विनच्या विचारातली एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. जगण्याची धडपड हा शब्द त्यानं फार व्यापक अर्थानं वापरला होता. वाळवंटाच्या कडेला उभं असलेलं झाड कुणाशी भांडत नाही, त्याची धडपड कोरड्या हवेशी असते. सफरचंदाच्या झाडावरचं बांडगूळ झाडाचा रस पितं, पण फार बांडगुळं झाली की झाडच मरतं आणि त्याच्यासोबत बांडगुळंही. शिवाय बांडगुळाचं बी पक्षी पसरवतात. म्हणजे त्याची स्पर्धा इतर फळझाडांशीही आहे, पक्ष्याला आपलं फळ आवडावं यासाठीची. स्पर्धा आणि अवलंबून असणं एकाच धाग्यात गुंफलेलं असतं.

त्यानं याचं आणखी एक उदाहरण दिलं. लाल क्लोव्हर हे चाऱ्याचं पीक, आपल्याकडच्या बरसीम घासाचं भावंड. त्याच्या फुलांचं परागीभवन बंबलबी नावाच्या केसाळ, गुबगुबीत माश्या करतात. या माश्यांची घरटी शेतातले उंदीर उद्ध्वस्त करतात. आणि उंदीर कमी असतात ते गावाजवळ, कारण तिथं मांजरं असतात. म्हणजे गावात मांजरं जास्त, तर शेतात क्लोव्हरची फुलं जास्त.

भांडण सख्ख्यांचंच का?

आता मूळ मुद्दा. सिंह आणि गवत यांच्यात भांडण होण्याचं कारण नाही, दोघांच्या गरजाच वेगळ्या. पण एकाच जातीच्या दोन रोपांना एकाच खोलीवरचं पाणी लागतं, एकाच वेळचं ऊन लागतं, एकाच किड्यापासून धोका असतो. म्हणून स्पर्धा सगळ्यात तीव्र असते ती एका जातीच्या जिवांमध्ये आणि त्याखालोखाल जवळच्या जातींमध्ये. डार्विननं दाखले दिले. रशियात आशियातून आलेल्या छोट्या झुरळानं त्याच्याच कुळातल्या मोठ्या झुरळाला हटवलं होतं. ठिकठिकाणी उंदरांच्या एका जातीची जागा दुसरी जात घेत होती.

मग भाऊबंदकीचा शेवट कशात होतो? आपल्याकडे होतो तसाच, एक तर एकाला घर सोडावं लागतं, नाही तर वाटणी होते.

विसाव्या शतकात हे प्रयोगातही दिसलं. मॉस्कोतल्या गॉज नावाच्या तरुण शास्त्रज्ञानं पॅरामेशियम या एकपेशीय जिवाच्या दोन जाती घेतल्या. वेगवेगळ्या नळ्यांत दोन्ही मजेत वाढल्या. पण एका नळीत, एकाच अन्नावर ठेवल्या, तेव्हा एक जात हळूहळू संपून गेली. तिसऱ्या जातीसोबत मात्र वाटणी जमली. एकीनं वरच्या पाण्यातलं अन्न खाल्लं, दुसरीनं तळाचं. १९३४ साली गॉज यांनी यावर पुस्तक लिहिलं आणि त्याला डार्विनच्या ग्रंथातल्या एका प्रकरणाचंच नाव दिलं.

गॅलापागोसच्या डॅफ्ने मेजर या छोट्या बेटावर पीटर आणि रोझमेरी ग्रँट या दांपत्यानं १९७३ पासून फिंच पक्ष्यांच्या चोची मोजल्या. १९७७ च्या दुष्काळात बारीक बिया संपल्या. उरलं ते सराट्याच्या जातकुळीतलं टणक, काटेरी बी. ते फोडू शकणारे मोठ्या चोचीचे पक्षी जगले. पुढे त्या बेटावर याच फिंचचा मोठ्या चोचीचा भाऊबंद येऊन स्थायिक झाला. २००४ च्या सुमारास पुन्हा दुष्काळ पडला, तेव्हा टणक बिया या मोठ्यानं फस्त केल्या. या वेळी बेटावरच्या जुन्या मध्यम फिंचांमध्ये वाचले ते लहान चोचीचे, कारण ते बारीक बियांवर भागवू शकत होते. दोन्ही वेळा दुष्काळच, पण निकाल उलटा, कारण मध्ये भाऊबंद येऊन बसला होता. बळी तो कान पिळी हा नियम असता, तर मध्यम फिंचांमधले मोठ्या चोचीचेच दोन्ही वेळा जिंकायला हवे होते.

वाटणीचा हा विचार डार्विनला स्वतःला घोडागाडीतून जाताना सुचला होता. एकाच पूर्वजाची लेकरं जितकी वेगळी होतील, तितकी त्यांना निसर्गात जास्त जागा मिळेल. त्याच्या हाताशी शेतीतला पुरावाही होता. एकाच जातीच्या गवतापेक्षा वेगवेगळी गवतं मिसळून पेरली तर त्याच जमिनीतून जास्त चारा निघतो. ज्वारीत तूर घेणाऱ्या मराठवाड्या-विदर्भातल्या शेतकऱ्याला हे समजवायला नको. ज्वारी भराभर वाढून निघून जाते, तूर सावकाश वाढते आणि खोलवरचं पाणी ओढते. दोघींची वाटणी ठरलेली.

जंगलातून आलेलं पत्र

आणि मग डार्विनच्या स्वतःच्या आयुष्यात भाऊबंद येऊन उभा राहिला.

१८ जून १८५८ च्या सुमाराला त्याच्या हातात एक पाकीट पडलं. आजच्या इंडोनेशियातल्या टर्नाटे बेटावरून आलेलं. पाठवणारा आल्फ्रेड रसेल वॉलेस, डार्विनपेक्षा चौदा वर्षांनी लहान. वडिलोपार्जित पैसा नाही, शिक्षण अर्धवट, पक्षी-फुलपाखरांचे नमुने विकून पोट भरणारा. तापानं फणफणलेला असताना त्यालाही माल्थस आठवला होता आणि त्यातून त्यानं जो निबंध लिहिला, तो हुबेहूब डार्विनचाच सिद्धांत होता. वीस वर्षं मनात ठेवलेली गोष्ट दुसऱ्यानं काही पानांत लिहून पाठवली होती.

डार्विननं तो निबंध दाबला असता, तर वॉलेसला कदाचित कळलंही नसतं. डार्विननं तो वॉलेसच्या विनंतीप्रमाणे भूगर्भशास्त्रज्ञ लायेल यांच्याकडे पाठवला आणि आपलं पहिलेपण गेलं असं मनाशी धरून बसला.

त्याच दिवसांत घरावर संकट आलं. गावात स्कार्लेट फिव्हरची साथ होती. २८ जूनला दीड वर्षांचा धाकटा मुलगा चार्ल्स वेअरिंग गेला. सात वर्षांपूर्वी, १८५१ मध्ये, दहा वर्षांची लाडकी ॲनी गेली होती. त्याआधी १८४२ साली एक मुलगी जन्मानंतर काही आठवड्यांतच. जन्माला येणारे सगळेच वाढत नाहीत, हा हिशेब डार्विननं हत्तींवर आणि तणांवर मांडला होता. दहा मुलांच्या बापाला तो घरातही मांडावा लागला.

लायेल आणि वनस्पतीशास्त्रज्ञ हूकर या मित्रांनी तोडगा काढला. डार्विनचे जुने मसुदे आणि वॉलेसचा निबंध १ जुलै १८५८ ला लंडनच्या लिनियन सोसायटीत एकत्र वाचले गेले. वॉलेसला आधी विचारलं नव्हतं, विचारायला पत्र पोहोचून उत्तर येईपर्यंत कित्येक महिने गेले असते. डार्विनही तिथं नव्हता. त्या दिवशी तो मुलाला पुरत होता.

वॉलेसला हे कळल्यावर त्यानं तक्रार केली नाही, उलट समाधान मानलं. पुढे त्यानं या सिद्धांतावर जे पुस्तक लिहिलं, त्याचं नाव डार्विनिझम ठेवलं.

कान पिळण्याची गोष्ट आली कुठून?

२४ नोव्हेंबर १८५९ ला डार्विनचा ग्रंथ आला. जातींच्या उगमाविषयीचा. पहिल्या आवृत्तीच्या १२५० प्रती पुस्तकविक्रेत्यांनीच उचलून टाकल्या. सर्वांत योग्य त्याचा टिकाव, हा आज प्रसिद्ध असलेला शब्दप्रयोग मात्र त्यात नव्हता. तो हर्बर्ट स्पेन्सर या विचारवंतानं १८६४ मध्ये वापरला आणि वॉलेसच्या आग्रहावरून डार्विननं १८६९ च्या पाचव्या आवृत्तीत घेतला.

योग्य म्हणजे त्या जागेला, त्या वेळेला साजेसा. लोकांनी त्याचा अर्थ ताकदवान असा केला. मग कारखानदारांनी मजुरांना पिळायला, साम्राज्यांनी गुलामगिरीत लोटलेल्या लोकांना कमी लेखायला तोच अर्थ सोयीनं वापरला. डार्विन स्वतः गुलामगिरीचा कडवा विरोधक होता. पण त्याच्या १८७१ च्या पुस्तकात त्या काळच्या इंग्रजांचे पूर्वग्रहही आढळतात, हेही खरं.

कुंडीतली कुस्ती

प्रसिद्धीनंतरही डार्विनचं मोजणं थांबलं नाही. आजारपणात अंथरुणावर पडल्या पडल्या त्यानं वेलींचे ताणे कसे फिरतात ते पाहिलं. जाड खोड बांधायचा खर्च वाचवून दुसऱ्याच्या खांद्यावरून उन्हापर्यंत पोहोचायचं, ही वेलींची युक्ती.

१८६० च्या उन्हाळ्यात ससेक्सच्या माळावर त्याला ड्रॉसेरा ही वनस्पती दिसली. साताऱ्याच्या कास पठारावर जाणाऱ्यांना दवबिंदू म्हणून तिची भावंडं माहीत असतील. पानावर चिकट थेंब, त्यात अडकलेले किडे. डार्विननं सहज उचललेल्या डझनभर रोपांवर ५६ पानं मोजली, त्यातल्या ३१ पानांवर मेलेले किडे होते. निकृष्ट जमिनीत नायट्रोजन मिळत नाही, मग मुळांच्या स्पर्धेत पडण्यापेक्षा किडे खाऊन भागवायचं. हीसुद्धा एक वाटणीच.

आणि सगळ्यात जिव्हाळ्याचा प्रयोग अकरा वर्षं चालला. आपण मामाच्या मुलीशी लग्न केलं, मुलं आजारी पडतात ती त्यामुळे तर नाही ना, ही शंका डार्विनला कुरतडत होती. जनगणनेत चुलत-मामे भावंडांच्या लग्नांविषयी प्रश्न घालावा म्हणून त्यानं खटपट केली, पण संसदेनं नकार दिला. मग त्यानं झाडांना विचारलं. मॉर्निंग ग्लोरीच्या वेलाची स्वतःच्याच परागकणांपासून झालेली रोपं एका बाजूला आणि दुसऱ्या रोपाच्या परागकणांपासून झालेली दुसऱ्या बाजूला, दोन्ही एकाच कुंडीत. माती, पाणी, ऊन एकच. आता लढा.

दहा पिढ्यांची सरासरी काढली, तर संकराच्या वेलांची उंची १०० धरली तेव्हा स्वपरागाच्या वेलांची ७७ भरली. पण सहाव्या पिढीत स्वपरागाच्या एका वेलानं संकराच्या वेलाला अर्ध्या इंचानं मागे टाकलं. डार्विनला त्याचं इतकं कौतुक वाटलं, की त्यानं त्याचं नाव हीरो ठेवलं आणि त्याची पुढची संतती वेगळी वाढवून पाहिली.

शेवटचा खांदा

वॉलेस म्हातारपणाकडे झुकला तेव्हा पैशाची चणचण होती. कायमची नोकरी नाही, गुंतवणुकीत नुकसान झालेलं. डार्विननं आपली ओळख पणाला लावून, वजनदार शास्त्रज्ञांच्या सह्या गोळा करून सरकारकडे अर्ज केला. १८८१ साली वॉलेसला वर्षाला २०० पौंडांची पेन्शन मंजूर झाली.

१९ एप्रिल १८८२ ला डाऊनमधल्या घरी डार्विन गेला. त्याला गावातच विसावायचं होतं, पण देशानं त्याला वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये जागा दिली. २६ एप्रिलला शवपेटीसोबत मानकरी म्हणून चालायला हूकर, हक्सली अशी मोठमोठी माणसं होती. त्यांच्यातच एक उंच, दाढीवाला माणूस होता. टर्नाटेहून पत्र पाठवणारा आल्फ्रेड रसेल वॉलेस.